तीस एप्रिलची पत्रं

आमच्या शाळेला यंदा पंचवीस वर्षं झाली म्हणून संस्थेनं गुळगुळीत कागदावर स्मरणिका काढली. तीत सचिवांचे अकरा फोटो आहेत, जागा देणाऱ्यांचे आहेत, पाण्याची टाकी देणाऱ्याचा आहे, इतकंच काय, टाकीचासुद्धा आहे. रेणुका घारे हे नाव मी पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत दोनदा शोधलं. नाही म्हणजे नाही. ज्या बाईनं पंधरा वर्षं या शाळेला इंग्रजी शिकवलं, तिला चार ओळीसुद्धा मिळाल्या नाहीत. म्हणून हे मी लिहितोय. मी सरदार मुलाणी, शाळेचा लिपिक. तिच्याबद्दल लिहायचा अधिकार मला नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा ते मला कुणी शिकवू नये.

कामशेतहून पवनानगरकडे निघालं की निम्म्या वाटेवर आमची शाळा लागते. पूर्वी मी कामशेतहून रोज अंबाजी घाऱ्यांच्या जीपनं यायचो. पुढची सीट माझी ठरलेली. अंबाजीभाऊ गाडी चालवताना बोलायचे ते फक्त पोरीबद्दल. पोरगी एमए झाली, पोरगी बीएड झाली, पोरगी फडाफडा इंग्रजी बोलते. एक दिवस म्हणाले, तुमच्या शाळेत बघा की कायतरी. मी तेव्हा शिपायाचा नुकताच लिपिक झालो होतो आणि अंगात जरा वारं शिरलं होतं. म्हटलं, बघू या की. सचिव भिमाजीरावांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, आणा. दोन हजार दहाच्या जूनमध्ये रेणुका मॅडम शाळेत आल्या. म्हणजे त्यांना आणलं मीच. सगळं मीच केलं, तेही सांगतो.

आता आमची पद्धत सांगायला हवी. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या संस्थेत तात्पुरत्या शिक्षकाला जूनमध्ये नेमणुकीचं पत्र मिळतं आणि तीस एप्रिलला त्यानं 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा द्यायचा असतो. मेची सुट्टी संपली की पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत, नवं पत्र. का, तर नोकरी सलग दिसू नये. सलग दिसली की माणूस कायम करा म्हणतो, हक्क सांगतो. कागदावर दरवर्षी तुटलेली दिसली की माणूस दरवर्षी नवा. राजीनाम्याचा छापील मराठी नमुना माझ्याच कपाटात असायचा, गठ्ठ्यानं. नाव लिहा, तारीख टाका, सही करा, सुट्टीला जा. शिक्षक हसत हसत सही करायचे. लग्नात आहेर दिल्यासारखं वातावरण असायचं.

पहिल्याच वर्षी रेणुका मॅडमनी तो नमुना हातात घेतला, वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, मी माझ्या हातानं लिहिते, इंग्रजीत लिहिलं तर चालेल ना? मी जाऊन भिमाजीरावांना विचारलं. ते खूशच झाले. संस्थेच्या दप्तरात इंग्रजी कागद म्हणजे शोभाच की. मग मॅडमनी स्टाफरूममध्ये बसून पानभर पत्र लिहिलं, सुंदर गोल अक्षरात, आणि माझ्यापुढं दोन प्रती ठेवल्या. एकीवर पोच द्या म्हणाल्या, शिक्का आणि सही. मी हसलो. अहो मॅडम, तुम्ही घरातल्याच ना, पोच कसली मागता? मग म्हणाल्या, बरं सरदारभाऊ, तुमच्यावर विश्वास आहे. आणि दुसरी प्रत फाडून टाकली. त्यानंतर चौदा वर्षांत त्यांनी कधी पोच मागितली नाही.

मी ते पत्र वाचलं नाही. खरं सांगतो, मी बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. इंग्रजी कागद समोर आला की माझे डोळे थेट खालच्या तारखेवर जातात. तारीख बरोबर, सही आहे, शिक्का मारला, फाईलला लावला. मुख्याध्यापक राजीनामे मोजून घेत, वाचत नसत. भिमाजीरावांना इंग्रजीचं कौतुक होतं, ते लांबूनच. पाहुणे आले की 'आय ॲम हियर सिन्स ट्वेंटी इयर्स' म्हणत आणि मॅडमकडे बघत. मॅडम मान खाली घालत. चूक दाखवून उपयोग नव्हता, हे त्यांना लवकर समजलं होतं.

जूनमधल्या मुलाखतीची तर वेगळीच गंमत होती. नवा उमेदवार म्हणून मॅडमनी दरवर्षी संस्थेसमोर पाठ घेऊन दाखवायचा. वर्गात दहावीची पोरं आपलीच, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भिमाजीराव आणि दोन संचालक, हातात चहा. वर्षानुवर्षं इथंच शिकवणाऱ्या बाईला विचारायचं, शिकवण्याचा काही अनुभव? मॅडम दरवर्षी एकच पाठ घ्यायच्या. प्रेझेंट परफेक्ट आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस. मी दाराशी हजेरीचा कागद घेऊन उभा असायचो, त्यामुळं तो पाठ मलाही पाठ झाला.

मॅडम खिडकीबाहेर बोट दाखवायच्या. बाहेर आमच्या रतनबाई चुलीवर पोरांची खिचडी शिजवत असायच्या. मॅडम फळ्यावर लिहायच्या, रतनबाई हॅज कुक्ड द खिचडी. म्हणजे काय, खिचडी झाली, ताटं घेऊन पळा. मग खाली लिहायच्या, रतनबाई हॅज बीन कुकिंग सिन्स नाइन ओ'क्लॉक. म्हणजे नऊ वाजल्यापासून ती बाई धुरात बसलीय आणि अजून उठलेली नाही. पोरांना म्हणायच्या, "पहिल्या वाक्यात काम दिसतं, दुसऱ्यात माणूस दिसतो. तुम्हाला काय दाखवायचंय ते आधी ठरवा, मग वाक्य लिहा." कधीपासून ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. पोरं नियम विसरायची, रतनबाईला विसरायची नाहीत. परीक्षेत चुकायची नाहीत. आणि घरचा अभ्यास ठरलेला असायचा. पाच वाक्यं, स्वतःच्या घरातली, खरी. गाईडमधली चालणार नाहीत. खाली पालकांची सही. आमच्या भागातल्या आयाबापांनी त्या पाच वाक्यांवर जेवढ्या सह्या केल्या असतील तेवढ्या सातबाऱ्यावरही केल्या नसतील, आणि वाचता एकालाही आलं नसेल.

अशी वर्षं गेली. मॅडमचं लग्न झालं, नवरा चाकणला कंपनीत. मुलगी झाली, पिंकी. तेही मॅडमनी मेच्या सुट्टीत बसवलं, जूनमध्ये मुलाखतीला यायचं होतं ना. चौदा दिवसांचं पोर अंबाजीभाऊंच्या जीपमध्ये आजीच्या मांडीवर ठेवून त्या आत पाठ घेऊन आल्या. दोन हजार वीसच्या एप्रिलात सगळं बंद, रस्त्यावर पोलीस, माणूस माणसाजवळ फिरकत नव्हता. शाळाच बंद होती. मला वाटलं, या वर्षी तरी राहील. पण भिमाजीरावांचा फोन आला, राजीनामे आले का रे? मॅडम तोंड बांधून स्कूटीवर नाक्यापर्यंत आल्या. मी बांबूच्या अडथळ्याच्या अलीकडं, त्या पलीकडं. त्यांनी पत्र माझ्या पिशवीत टाकलं आणि मी शहाण्यानं त्यावर सॅनिटायझर मारलं. शाई सगळी उतरली. मॅडम बघत राहिल्या. म्हणाल्या, राहू द्या, वाचता येतंय अजून.

गेल्या वर्षी शाळेला अनुदान मिळायची वेळ आली. इंग्रजीची एक जागा मंजूर झाली, कायमची. प्रस्ताव शिक्षण खात्याकडं जाणार, सुनावणी होणार आणि सेवाज्येष्ठता बघून माणसाला मान्यता मिळणार. मॅडम एक्केचाळीसच्या. ही जागा गेली तर दुसरीकडं त्यांना घेणारं कुणी नव्हतं, वय उलटलेलं. अख्ख्या शाळेला वाटलं, आता बाईचं सोनं झालं. रतनबाईनं तर खिचडीत जास्तीचे शेंगदाणे टाकले.

आणि मग यादीत दुसरं नाव निघालं. प्रेरणा, भिमाजीरावांची सून. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, तिचं नाव हजेरीपत्रकात होतं. ती पवनेच्या काठावर पर्यटकांसाठीच्या घरच्या तंबूंचं बुकिंग बघायची आणि शनिवारी येऊन आठवड्याच्या सह्या करायची. हजेरीपत्रक तिच्यापुढं कोण ठेवायचं? मी ठेवायचो. तिला मात्र एकाही एप्रिलात राजीनामा मागितलेला नव्हता. म्हणून कागदावर तिची पाच वर्षं सलग, आणि मॅडमची चौदा वेळा तुटलेली. प्रेरणा वाईट नव्हती, मुकाट पोरगी. तिला सांगितलं ते ती करत होती. मीही तेच करत होतो, त्यामुळं मी तिला काय नावं ठेवणार.

सुनावणीआधी फाईल तयार करायची होती. प्रत्येक कागदाची यादी करायची आणि विषयाच्या रकान्यात तो कशाबद्दल आहे ते लिहायचं. एका रविवारी सकाळी मी फाईल घरी आणून सतरंजीवर पसरली. माझी मुलगी आयरा तेव्हा नववीत, मॅडमच्याच हाताखाली. तिला म्हटलं, ही मॅडमची पत्रं आहेत, वर विषय काय लिहिलाय तेवढं सांग. तिनं पहिलं उचललं. वाचलं. मग परत वाचलं. म्हणाली, अब्बा, हा राजीनामा नाहीये.

मी म्हटलं, असं कसं, तारीख तर तीस एप्रिल आहे.

मग तिनं मला ती चौदा पत्रं एकामागून एक वाचून दाखवली, इंग्रजी वाक्य आणि मागोमाग मराठी अर्थ. पहिल्यात लिहिलं होतं, मी दहा महिने या शाळेत शिकवत आले आहे. मला नोकरी सोडायची नाही. सचिवांच्या सांगण्यावरून हे पत्र देत आहे. दुसऱ्यात तसंच, फक्त वर्ष वाढलेलं. एकात, माझ्या वर्गाचा दहावीचा इंग्रजीचा निकाल सलग तीन वर्षं शंभर टक्के लागला आहे. एकात, मी आठ महिन्यांची गरोदर आहे आणि कालपर्यंत उभी राहून शिकवत आले आहे. शाई उतरलेल्या पत्रात, शाळा बंद झाल्यापासून मी घराच्या पत्र्यावर चढून फोनवर शिकवत आहे, कारण रेंज तिथंच येते. शेवटचं आयरानं हळू वाचलं. "मी चौदा वर्षं हे एकच पत्र लिहीत आले आहे. कधीतरी ते कुणी वाचेल. वाचणाऱ्यानं एवढीच नोंद घ्यावी, की मी इथून कधीच गेलेली नाही."

चौदा वर्षं त्या बाईनं आमच्याच दप्तरात, आमच्याच शिक्क्याखाली खरं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते माझ्या हातानं फाईलला लावत गेलो होतो. आयराचे डोळे चमकत होते. म्हणाली, आता मॅडमचं काम होणार, हो ना अब्बा? मी म्हटलं, हो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिमाजीरावांकडं गेलो. मी चुगली करायला गेलो नव्हतो, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतोय. म्हटलं, त्यांना कळलं तर त्यांचं मन पाघळेल, सुनेचं नाव मागं घेतील, आपसात मिटेल. खोटं आहे हे. मी घाबरून गेलो होतो. पत्रं सुनावणीत निघाली असती तर पहिला प्रश्न मलाच आला असता, शिक्का कुणाचा? भिमाजीराव ओसरीत दात घासत होते. शांतपणे ऐकून घेतलं, चूळ भरली, तोंड पुसलं.

"सरदार, तुझी लिपिकाची मान्यता त्याच प्रस्तावात हाय, ध्यानात हाय न्हवं? फाईल तू लावलीस, तूच नीट कर."

बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. आत चहा टाक म्हणून सांगितलं. आणि मी तो चहा प्यालो.

छापील नमुने कपाटात होतेच. मॅडमची सही मी रोज हजेरीपत्रकात बघत आलो होतो. तरी आधी आयराच्या कच्च्या वहीच्या मागच्या पानांवर गिरवून पाहिली. नंतर चौदा नमुन्यांवर केली. सुरुवातीच्या वर्षांत त्या सहीच्या शेवटी लांब फराटा ओढायच्या, पिंकी झाल्यानंतर तो गळला. मीही तो बरोबर त्याच वर्षापासून गाळला. असलं काम मला इतकं नीट जमेल असं वाटलं नव्हतं. शाळेचं कुठलंच काम मी कधी इतक्या काळजीनं केलं नसेल.

खरी पत्रं दुपारच्या सुट्टीआधी रतनबाईच्या चुलीत घातली. ती तांदूळ धूत होती. विचारलं, काय जाळताय भाऊ? मी म्हटलं, जुने पेपर. रतनबाईला वाचता येत नाही. पण मॅडमनी तिला सही शिकवली होती, आणि खिचडीचा रोजचा फलकही मॅडमच लिहून द्यायच्या. तिनं चुलीत वाकून बघितलं. "ह्ये तर बाईंचं अक्षार हाय," म्हणाली. तिनं आधणाचं पातेलं उतरून खाली ठेवलं आणि कागद पुरते जळेपर्यंत भात चढवला नाही. त्या दिवशी पोरांना खिचडी अर्धा तास उशिरा मिळाली.

सुनावणी फेब्रुवारीत पुण्याला. मॅडम निळ्या साडीत आल्या होत्या, वडिलांबरोबर. अंबाजीभाऊ आता सत्तरीचे, पण जीप स्वतः चालवत आणली होती. ते बाहेर थांबले. आत अधिकारी, भिमाजीराव, मॅडम आणि मी. प्रेरणाला आणलं नव्हतं. अधिकारी माणूस साधा वाटला. त्यांनी मॅडमना विचारलं, तुम्ही दरवर्षी स्वखुशीनं राजीनामा दिलाय, मग सलग सेवेचा दावा कसा करता? मॅडम याच प्रश्नाची वाट बघत होत्या. मला चेहऱ्यावर दिसत होतं. चौदा वर्षं सांभाळलेली गोष्ट आता बाहेर काढायची, असा चेहरा.

"साहेब, माझे राजीनामे उघडा. ते मी इंग्रजीत लिहिलेत, माझ्या हातानं. फक्त एकदा वाचा."

साहेबांनी फाईल उघडली. पानं उलटली. एक, दोन, शेवटपर्यंत. म्हणाले, हे तर सगळे मराठीत आहेत, छापील. सही तुमचीच दिसते. आणि फाईल मॅडमकडं फिरवली. मॅडमनी वाकून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, फाईल फेकतील, भिमाजीरावांच्या अंगावर धावून जातील. तसं काही झालं नाही. त्यांनी सगळी पानं पाहिली आणि मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. भिमाजीरावांकडं नाहीच.

"सरदारभाऊ, माझी पत्रं कुठायत?"

साहेबांनीही माझ्याकडं पाहिलं. विचारलं, लिपिक, याखेरीज दप्तरात यांचे काही कागद आहेत का?

"नाही साहेब," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं. दप्तरात खरोखरच काही उरलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, या सह्या माझ्या नाहीत. साहेब म्हणाले, तसं असेल तर वेगळी तक्रार द्या, सह्यांची तपासणी होईल, तुमच्याकडं पोच आहे का एखाद्या पत्राची? मॅडम नाही म्हणाल्या. पोच मी घेतली नाही, माझा यांच्यावर विश्वास होता, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर आलो तेव्हा मॅडम जीपमध्ये मागं बसलेल्या होत्या, तोंड पलीकडं करून. त्यांनी वडिलांना सांगितलं होतं की नाही, मला कळलं नाही. अंबाजीभाऊंनी माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. बस, कामशेतला सोडतो म्हणाले. मी म्हटलं, नको भाऊ, मला हितं काम आहे. "आता हितं तुजं काय काम?" एवढं म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. मी एसटीनं आलो.

प्रेरणाला मान्यता मिळाली. मलाही मिळाली. मॅडमनी तक्रार दिली नाही. का, ते मला ठाऊक नाही आणि विचारायचं तोंडही मला नाही. कदाचित पुन्हा कागदावर विश्वास ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. आता त्या लोणावळ्याला एका हॉटेलच्या काउंटरवर असतात. एकदा शाळेच्या कामानं तिकडं गेलो तेव्हा मला काचेतून दिसल्या. नावाची पट्टी लावलेली, समोर चार-पाच पर्यटक सुटकेसा घेऊन उभे. दारातून आवाज आला, हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट, सर? कुणीतरी दोन मिनिटं ताटकळत ठेवल्याबद्दल त्यांच्यावर डाफरलं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं निघून गेलो.

घरी आयरानं सुनावणीच्या संध्याकाळीच विचारलं होतं, पत्रं दाखवली ना? मी दाखवली म्हणालो. नंतर मॅडम शाळेत दिसेनाशा झाल्या, रतनबाईनं तिला चुलीचं सांगितलं आणि तिच्या कच्च्या वहीची मागची पानं तिनंच उघडली. मला एका शब्दानं बोलली नाही. माझ्या ताटात भाकरी वाढायची, पाणी द्यायची, अब्बा म्हणायची. तिच्या आईला वाटलं, पोरगी मोठी झाली, शांत झाली.

यंदा ती दहावीत. इंग्रजीला प्रेरणा मॅडम. प्रेरणानं एका जूनमध्ये रेणुका मॅडमचा मुलाखतीचा पाठ सासऱ्याशेजारी मागं बसून वहीत उतरवून घेतला होता, तो ती तसाच्या तसा घेते. खिडकीबाहेर बोट, रतनबाई, खिचडी. घरचा अभ्यासही तोच. पाच वाक्यं, स्वतःच्या घरातली, खरी. खाली पालकांची सही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आयरानं वही माझ्यापुढं धरली. सही करा अब्बा, उद्या द्यायचीय. मी सवयीनं पेन उघडलं, डोळे खालच्या तारखेवर गेले आणि हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका इंग्रजी कागदावर सही करण्याआधी विचारलं, काय लिहिलंय यात?

"वाचून दाखवू?" ती म्हणाली. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वाचलं, आधी इंग्रजी, मागून मराठी, तशीच, त्या रविवारसारखी.

"माझ्या अब्बांनी चौदा पत्रं जाळली आहेत. त्यांनी मॅडमची सही चौदा वेळा केली आहे. फेब्रुवारीपासून त्यांनी शाळेची खिचडी खाल्लेली नाही. ते कबूल करतील म्हणून मी सहा महिने वाट पाहत आले आहे. मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही."

वाक्यं बरोबर आहेत का, असलं काही विचारायचा प्रश्नच नव्हता. ती वही धरून उभी होती. मी सही केली नसती तर तिला वर्गात उभं राहावं लागलं असतं. केली तर ती माझ्या हातची कबुली. मी सही केली, माझी स्वतःची. तिनं वही मिटली आणि दप्तरात ठेवली. सोमवारची रात्र मी कशी काढली ते मलाच माहीत. म्हटलं, आता प्रेरणा वाचेल, सासऱ्याला सांगेल, जे व्हायचं ते एकदाचं होईल. खरं सांगू, मला तेच हवं होतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. कुणी काही बोललं नाही. गुरुवारी दहावीच्या वह्या गठ्ठा बांधून माझ्याकडं आल्या. अंतर्गत गुणांच्या वह्या तपासणीसाठी वर्षभर दप्तरात ठेवायच्या असतात. मी आयराची शोधून काढली. पाचही वाक्यांपुढं लाल शाईत बरोबरची खूण. खाली 'गुड', आणि प्रेरणाची सही. तिनं वाचलं नव्हतं. मी जसा चौदा वर्षं वाचत नव्हतो तसंच.

वही मी कपाटात ठेवली, जिथं मॅडमची पत्रं असायची त्याच कप्प्यात. किल्ली माझ्याकडं आहे, काडेपेटीही आहे, आणि रतनबाईची चूल रोज नऊ वाजता पेटते. नोंदवहीत तिचा क्रमांक टाकला, तारीख टाकली. विषयाच्या रकान्यात काय लिहायचं ते अजून लिहिलेलं नाही.